‘नाहीतर’चं चिन्ह

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून ठेवते. चहात साखर अर्धा चमचा जास्त पडली तरी माझं डोकं फिरतं. अशा बाईनं कम्प्युटरच्या भाषेत एक नवं चिन्ह घालायचा प्रस्ताव मांडावा आणि सात महिने अनोळखी माणसांशी इंग्रजीत सभ्यपणे वाद घालावा, हे आमच्या घरात कोणालाच खरं वाटलं नव्हतं. मलासुद्धा नाही.

मी खामगावात राहते आणि जिनिंगवाल्यांसाठी सॉफ्टवेअर लिहिते. कापसाची गाडी फाटकातून आत येते, काट्यावर चढते, वजन होतं, पावती निघते, रिकामी गाडी पुन्हा काट्यावरून बाहेर जाते. हे सगळं ज्या प्रोग्रॅमवर चालतं तो माझा. अर्थात बाजारात हे कोणी मानत नाही. माझे यजमान शाळेत गणित शिकवतात, म्हणून सगळे त्याला ‘सरांचं सॉफ्टवेअर’ म्हणतात. फोनही त्यांनाच येतो. “सर, तुमचं सॉफ्टवेअर अटकलं, इथं गाड्यायची लाइन लागली!” हे गंभीर चेहऱ्यानं “थांबा, पाहून सांगतो” म्हणतात आणि फोनवर हात ठेवून स्वयंपाकघरात येतात. मी पोळी लाटता लाटता कुठलं बटण दाबायचं ते सांगते, ते तसंच्या तसं फोनवर सांगतात, आणि तिकडून आवाज येतो, “मानलं सर तुम्हाले!” हे बिचारे दर वेळी म्हणतात, अहो माझं नाही, बायकोचं आहे. त्यावर समोरचा खो खो हसतो. सर लई गमत्ये आहेत, असा त्यांचा लौकिक झाला आहे.

वर्षानुवर्षं हे ऐकून माझ्या मनात एकच हट्ट बसला होता. एक तरी गोष्ट अशी पाहिजे, कितीही लहान का असेना, जिच्यावर फक्त माझं नाव असेल. ती मला मिळेल अशी एकच जागा मला ठाऊक होती.

मी ज्या भाषेत प्रोग्रॅम लिहिते ती काही मोठी नामांकित भाषा नाही. देशोदेशीची थोडी हौशी माणसं ती चालवतात, त्यांची एक समिती आहे, सगळं काम बिनपगारी. तिच्या फोरमवर कोणीही प्रस्ताव टाकू शकतं, की बाबांनो, अमुक गोष्ट लिहायची ही नवी रीत भाषेत घ्या. त्यावर चर्चा होते, म्हणजे भांडणं होतात. समितीला पटलं तर ती रीत पुढच्या आवृत्तीत जाते आणि प्रस्तावाच्या माथ्यावर मांडणाऱ्याचं नाव कायमचं राहतं. तिथं ‘सर’ म्हणून कोणी नाही.

माझा प्रस्ताव जन्मला तो रागातून. गाडीचा नंबर लागला की कोणाला तरी कळवावं लागतं. ड्रायव्हरचा मोबाइल नोंदलेला असेल तर त्याला, नसेल तर गाडीमालकाला, तोही नसेल तर अडत्याला, नाहीतर फाटकावरच्या चौकीदाराला. तोंडानं एका दमात सांगता येतं. पण या भाषेत प्रत्येक पायरीला वेगळं विचारायचं: आहे का? नाही? बरं, मग पुढचा आहे का? तोही नाही? आठ-दहा ओळी होतात. त्या मी एका दुपारी कितव्यांदा तरी लिहीत होते, आणि अचानक माझं डोकं उठलं. मी लॅपटॉप असा आपटून मिटला की शेजारी मेथी निवडत बसलेल्या सासूबाई दचकल्या.

“काय झालं वं?”

“आई, ही भाषा मूर्ख आहे.”

“कोनती? इंग्रजी?”

“कम्प्युटरची. असं पाहा, तुम्ही शेजारी लाडवाचा डबा पाठवता तेव्हा काय सांगता? काकू असल्या तर काकूंना दे, नसल्या तर सुनेला दे, नाहीतर खिडकीत ठेवून ये. हो ना? या भाषेत डबेवाला काकू नाहीत म्हणून परत येतो. मग सून नाही म्हणून परत येतो. मग खिडकीचं विचारायला परत येतो.”

सासूबाईंनी मेथीची जुडी खाली ठेवली. “असा डबेवाला ठेवतं कोन? सांग नं मंग त्यायले, का बाप्पा हे बरोबर नाही.”

मग मी फोरमवर सांगितलं त्यांना. दोन टिंबं एकाखाली एक आणि त्यापुढे एक तिरकी रेघ, असं चिन्ह सुचवलं. त्याचा अर्थ ‘नाहीतर’. ड्रायव्हर नाहीतर मालक नाहीतर अडत्या नाहीतर चौकीदार. एक ओळ, विषय संपला. प्रस्ताव टाकला तेव्हा दिवाळी नुकतीच झाली होती आणि फाटकांवर गाड्यांची गर्दी सुरू होत होती.

कल्पना लोकांना दोन दिवसांत आवडली. मी म्हटलं, चला, सोपं आहे हे. पण आपल्याकडे लग्न कसं जमतं? मुलगा-मुलगी एका बैठकीत पसंत होतात, आणि मग बँड कोणता, मानपान कोणाचे, जावयाला टोपी की फेटा, यावर तीन महिने काथ्याकूट चालतो. तस्संच झालं. ‘नाहीतर’ पाहिजे यावर सगळ्यांचं एकमत, आणि ते कसं लिहायचं यावर दर माणसाचं वेगळं मत. कोणी म्हणे दोन उभ्या रेघा. कोणी म्हणे चिन्ह नकोच, सरळ शब्द लिहा. एकानं तर बाण सुचवला, तोही उलटा.

आणि प्रत्येक लग्नात एक जावई रुसतो, तसा इथंही होता. कुठल्यातरी थंड देशातला, समितीत सगळ्यांत जुना माणूस. तो कशालाच हो म्हणायचा नाही. त्याचं पहिलं म्हणणं, आठ-दहा ओळींनी कोणाचा हात दुखत नाही. दुसरं म्हणणं, नवशिक्यांना चिन्ह कळणार नाही. तिसरं म्हणणं असं, की माझं चिन्ह आडवं धरून पाहिलं तर तोंड वाकडं केलेल्या माणसासारखं दिसतं. मी स्क्रीनकडे मान कलती करून पाहिलं तर खरंच दिसत होतं! इतका संताप आला मला. यजमान म्हणाले, “मग त्याला शोभून दिसेल ना.”

सासूबाईंनी त्याचं नाव ‘रुसका’ ठेवलं. त्यांना इंग्रजी येत नाही, पण रोज सकाळी चहाबरोबर त्यांना सगळा वृत्तान्त लागायचा. “काय म्हने आज रुसका?” मी सांगायचे. त्या ऐकून निवाडा द्यायच्या, “बायको माहेरी गेली असन त्याची.” दुसऱ्या दिवशी तो जरा मऊ बोलला की म्हणायच्या, “आली वाटते.”

घरात एक नियम झाला. माझं प्रत्येक उत्तर यजमानांनी वाचायचं, मगच जायचं. पोरांचे पेपर तपासतात तसे ते लाल पेन घेऊन बसायचे. “हे ‘तुमच्या डोक्यात’ काढ.” काढलं. “‘जन्मात कधी कापसाची गाडी पाहिली आहे का’ हे काढ.” का बरं काढू? खरं आहे ते! “अगं, त्यांच्याकडे बर्फ पडतो, ते कुठून पाहणार कापूस?” काढलं. अशी चाळण लागून माझी उत्तरं इतकी गोड व्हायची की फोरमवर माझी ख्याती शांत स्वभावाची म्हणून झाली. हे मी माहेरी सांगितलं तर माझ्या भावाला हसू आवरेना.

पण एक वाद मी लाल पेनाशिवाय जिंकला. रुसक्यानं विचारलं, आकडा शून्य असेल तर काय? शून्य म्हणजे ‘नाही’च ना, मग तिथंही पुढच्याकडे जायचं का? यावर दोन आठवडे मोठमोठ्या विद्वानांनी पानंच्या पानं लिहिली. ती वाचता वाचता मला हसायलाच आलं, कारण हे तर काट्यावरच्या पोऱ्यालाही कळतं. मी लिहिलं: काट्यावर गाडी नसते तेव्हा काटा शून्य दाखवतो. ते वजनच आहे, खरं वजन. लाइट गेली की काटा काहीच दाखवत नाही. शून्य दिसलं तर आम्ही म्हणतो काटा बरोबर आहे, गाडी आणा. काहीच दिसलं नाही तर म्हणतो, दुसऱ्या काट्यावर जा. ही दोन एक समजलात तर रिकाम्या काट्याला तुम्ही बंद काटा म्हणाल आणि बाहेर गाड्यांची रांग लागेल.

दुसऱ्या दिवशी खुद्द रुसक्यानं लिहिलं, “हे मला आधी कोणी असं सांगितलं नव्हतं.” सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, “जावई जेवाले बसला.”

असं करत करत उन्हाळा आला. गच्चीवर सासूबाईंच्या कुरोड्या वाळत होत्या, मी कावळे हाकायला सावलीत बसले होते, आणि मोबाइलवर समितीच्या मुख्य बाईंचा निरोप आला. त्यांनी लिहिलं होतं की समितीला प्रस्ताव आवडला आहे. चिन्ह मात्र बदलू, प्रश्नचिन्हापुढे दोन टिंबं घेऊ. पुढच्या आवृत्तीत हे घ्यावं असं आमचं मत आहे. लेखिका म्हणून तुम्ही हा प्रस्ताव शेवटपर्यंत न्यावा अशी आमची इच्छा आहे, तुमची तयारी आहे का?

सात महिने ज्याची वाट पाहिली ते समोर उभं होतं. आणि मी तिथल्या तिथं, कुरोड्यांच्या राखणीला बसल्या बसल्या, कोणाला न दाखवता उत्तर लिहिलं: “नाही नाही, माझं कसलं एवढं! माझ्यापेक्षा जाणती मंडळी आहेत तुमच्यात. माझा प्रस्ताव नाही घेतला तरी काही हरकत नाही. माझ्यासाठी उगीच त्रास घेऊ नका.”

पाठवलं, आणि खूश होऊन खाली आले. काय शोभेलसं बोललो आपण, असं वाटत होतं. आता त्या म्हणतील, छे छे, असं कसं, तुम्हीच पाहिजे. मग मी म्हणेन, बघा बाई, तुम्ही म्हणता तर. मग त्या तिसऱ्यांदा म्हणतील, आणि मग मी घेईन. आमच्याकडे पाहुणीला चहा विचारला तरी ती आधी नको म्हणते, मग ‘आत्ताच झाला’ म्हणते, मग ‘अर्धाच द्या’ म्हणते आणि मग भरला कप पिते. विचारणाऱ्यानंही तीनदा विचारायचं असतं, ती त्याची जबाबदारी. पहिल्याच हाकेला जी हो म्हणते तिला हावरट म्हणतात. हे कोणी पुस्तकात वाचून शिकत नाही, हे अंगात भिनलेलं असतं.

दुसऱ्या दिवशी उत्तर नाही. म्हटलं, दूरचा देश, वेळ लागतो. तिसऱ्या दिवशी फोरम उघडला तर माझ्या प्रस्तावावर राखाडी पट्टी. “लेखिकेनं प्रस्ताव मागे घेतला आहे. तिच्या निर्णयाचा आम्ही आदर करतो. बंद.” खाली रुसक्याची एक ओळ, “वाईट वाटलं. मला आता तो आवडायला लागला होता.”

मी किंचाळलेच. यजमान धावत आले, त्यांनी माझं उत्तर वाचलं आणि डोक्याला हात लावला. “अगं, तूच नाही म्हटलंस की!”

“मी नाही कुठं म्हटलं? मी नको म्हटलं!”

“इंग्रजीत एकच होतं ते.”

“पण त्यांनी परत विचारायला नको? एकदा विचारून मोकळ्या? काय पद्धत आहे का ही!”

यांना हसू यायला लागलं, आणि मला रडू. खरंच रडले मी. तोंडाशी आलेला घास मी स्वतःच्या हातानं बाजूला सारला होता, तोही संस्कार दाखवत. आता प्रोग्रॅम अडला की लोक सरांनाच फोन करणार, आणि मी पोळ्या लाटत बटणं सांगणार. जन्मभर.

गलका ऐकून सासूबाई आल्या. मी सगळं सांगितलं. त्या माझ्यावरच भडकल्या. “तुले पायजे होतं का नव्हतं?”

“पाहिजे होतं.”

“मंग हाव म्हनाले काय झालतं वं? काऊन नाही म्हटलं?”

“तुम्हीच शिकवलं ना!” मीही चिडले. “लग्न होऊन आले त्या पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की कोणी काही दिलं तर लगेच हात पुढे करायचा नाही, लोक नावं ठेवतात.”

सासूबाई पलंगाच्या कडेवर बसल्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मला वाटलं, आता आपण जास्त बोललो. मग त्या बोलायला लागल्या, यांच्याकडे नाही, माझ्याकडेही नाही, समोरच्या भिंतीकडे पाहून.

“मी पिंपळगावाहून या घरात आली तवा मॅट्रिक पास होती. चांगले मार्क होते. माह्ये मोठे दीर बुलढान्याहून डी.एड.चा फॉर्म घेऊन आले. सगळे जेवाले बसले होते. म्हने, सूनबाई, मास्तरीन व्हाचं का? मी वाढून राह्यली होती. मी म्हटलं, नाही जी, मले कायले. त्यायनं कागदाची घडी केली अन् खिशात ठेवली.”

यांनीसुद्धा हे कधी ऐकलेलं नव्हतं.

“म्हटलं, आखीन एक डाव इचारतीन, तवा हाव म्हनू. चाहाले तीन-तीन डाव इचारत वं या घरात. त्याचं एकदाच इचारलं.”

मग सासूबाई उठल्या आणि मला म्हणाल्या, “लिह्य आता. माह्या समोर लिह्य.”

नियम पाहिले. बंद झालेला प्रस्ताव लेखकानं मागितला तर उघडता येत होता, पण पुढच्या आवृत्तीची यादी दुसऱ्याच दिवशी पक्की होणार होती. मी लिहायला बसले. पहिला परिच्छेद माफीचा, दुसरा गैरसमज कसा झाला त्याचा, तिसरा त्यांचा वेळ घेतल्याबद्दल पुन्हा माफीचा. यांनी ते सासूबाईंना मराठीत वाचून दाखवलं.

“माफी कायची मांगून राह्यली? चोरी केली का? काढ.”

काढली.

“‘शक्य असल्यास’ म्हंजे? शक्य आहे का नाही ते त्यायचं ते पाहतीन. काढ.”

यांचं लाल पेन सात महिन्यांत जेवढं चाललं नव्हतं तेवढं सासूबाईंचं तोंड दहा मिनिटांत चाललं. शेवटी स्क्रीनवर उरली एक ओळ: मला हा प्रस्ताव पुढे न्यायचा आहे. मला तो पाहिजे. सारखं कोणीतरी पाठीमागून ‘हावरट’ म्हणेल असं वाटत होतं. बटणावरचं बोट खाली जाईना. सासूबाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि मी पाठवलं.

उत्तर तासाभरात आलं. पहिलं रुसक्याचं, एकच शब्द: पाठिंबा. मग मुख्य बाईंचं: अरे वा, बरं झालं सांगितलंत, उघडते आहे. बस्स, एवढंच. कोणी हसलं नाही, कोणी नावं ठेवली नाहीत. इतकं सोपं होतं ते, याचाच मला नव्यानं राग आला.

प्रस्ताव मंजूर झाला तो आठवड्याभरानं. मी लॅपटॉप घेऊन सासूबाईंकडे गेले. त्या गॅलरीत खुर्चीवर बसल्या होत्या. “नाव कोनाचं लागलं?” हा त्यांचा पहिला प्रश्न. मी बोट ठेवून दाखवलं. त्यांनी चष्मा चढवला आणि मॅट्रिकला शिकलेली इंग्रजी अक्षरं एकेक करून लावत माझं नाव वाचलं, आडनावासकट. एकदा वाचून झालं तरी लॅपटॉप मांडीवरून खाली ठेवला नाही.

मनात आठवडाभर घोळत होतं ते मी बोलून गेले. विचारताना भीतीच वाटत होती, की त्या हसण्यावारी नेतील, म्हणतील काय वं या वयात. “आई, डी.एड. काही आता होत नाही. पण मुक्त विद्यापीठाला वयाची अट नसते. बी.ए.चा फॉर्म तुमच्यासाठी आणू...”

“हाव,” सासूबाई म्हणाल्या. माझं वाक्य अजून पुरं झालं नव्हतं.